तळहातावरचं चौथं खोटं

माझा नवरा खोटं बोलतो. रोज बोलतो, कारण तेच त्याचं काम आहे. फक्त तो माणसांशी बोलत नाही, मशीनशी बोलतो. माणसांशी खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात, त्यामुळे त्या बाबतीत मी निश्चिंत आहे.

हे जरा सांगायला हवं, कारण मलाही लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. यतीन कारखान्यांतल्या मशीनना कंट्रोलर बसवतो. मोटर कधी फिरायची, किती फिरायची, कुठे थांबायची, हे तो लॅपटॉपवर लिहितो आणि त्या कंट्रोलरच्या डब्यात उतरवतो. मशीनला सेन्सरकडून सतत बातम्या येत असतात. टाकीत तेल आहे, हवेचा दाब ठीक आहे, दार बंद आहे. एक जरी बातमी वाईट आली तरी मशीन जागचं हलत नाही. पण नव्या जुळणीच्या वेळी टाकी रिकामी असते, आणि आत काय चाललंय ते बघायला दार उघडं ठेवावं लागतं. मग यतीन कंट्रोलरला सांगून ठेवतो की तेल आहे असं समज, दार बंद आहे असं समज. कारखान्यात याला फोर्स करणं म्हणतात. यतीन सरळ खोटं म्हणतो. काम संपलं की ही खोटी एकेक करून मागे घ्यायची असतात. एखादं विसरलं तर मशीन ते खरं धरून चालत राहतं.

म्हणून प्रत्येक खोटं तो बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहितो. कागदावर का नाही, असं मी विचारलं होतं. कागद खिशात राहतो आणि शर्ट धुवायला जातो, म्हणाला, आणि फोन तर बऱ्याच कारखान्यांत गेटवरच काढून घेतात. हात मात्र घरी येतो. मागे घेतलेल्या खोट्यावर तो आडवी रेघ मारतो. संध्याकाळी तो घरी आला की चपला काढायच्या आधी मी म्हणायचं, "हात दाखव." सगळ्या रेघा असल्या की मग पाणी, चहा, बाकीचं सगळं. अकरा वर्षं आमच्या घरात हे चालू आहे. मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर माझ्या नावावर. शेजारच्या भटनागर मॅडमना बरेच दिवस वाटायचं की मला हात बघता येतो. त्यांनी एकदा त्यांच्या मुलाचा हात आणून दाखवलाही होता.

या अकरा वर्षांत दोनदा एक रेघ कमी निघाली. दोन्ही वेळा यतीन दारातूनच मागे फिरला. एकदा तर थेट राजस्थानातल्या भिवाडीला, उपाशीपोटी. मी तेव्हा खूप बडबडले होते, कारण तिथे जाऊन कळलं की खोटं मागे घेतलेलं होतं, फक्त रेघ मारायची राहिली होती. "मग काय झालं," तो म्हणाला, "खात्री झाली ना." माझा स्वभाव तापट आहे, हे मी मान्य करते. त्याचा तसा नाही. रस्ता रिकामा असला तरी हा माणूस लाल दिव्याला थांबतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात ते शांतपणे ऐकून घेतो.

यंदाच्या जानेवारीत त्याचं काम पानिपतला होतं. तिथल्या एका ब्लँकेटच्या कारखान्यात कापडाचा लांब रोल पुढे ओढून ठरल्या मापावर कापणारं जुनं मशीन होतं. यतीनने त्याला नव्या मोटरी आणि मालकांनीच कुठूनसा आणलेला एक वापरलेला कंट्रोलर बसवला. आडव्या रुळावरून गोल पातं धावतं आणि दर आठ सेकंदांनी एक ब्लँकेट कापून टाकतं. पात्यासमोर जाळीचं दार. रुळावर कापडाचे पुंजके साठतात, ते काढायला कामगार दिवसातून वीस वेळा ते दार उघडतो. दार उघडलं की मशीन थांबतं, तो हात घालून पुंजका काढतो, दार लावतो. दहा वर्षं हेच चाललेलं. दाराची तार थेट मोटरच्या सप्लायला जोडा, म्हणजे खोटं बोलायची सोयच राहणार नाही, असं यतीनने मालकांना लेखी कळवलं होतं. मालक म्हणाले, फरवरी में देखेंगे.

भोगीच्या दिवशी संध्याकाळी तो पानिपतहून परतला तेव्हा मी घामाघूम झाले होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे पानिपतच्या लढाईचा दिवस. आमचं मराठी मंडळ दर वर्षी बस करून पानिपतजवळच्या काला अंबच्या स्मारकाला जातं आणि या वर्षी अडीचशे तिळगुळाचे लाडू माझ्या गळ्यात पडले होते. मीच हौसेने पाडून घेतले होते, तो भाग वेगळा. पाक उतरवला होता, गूळ झपाट्याने आळत होता. माझी तेरा वर्षांची लेक अनुष्का "मम्मा, वळायचे म्हणजे एक्झॅक्टली काय करायचं?" असं विचारत तीळ सांडत होती. तेवढ्यात बेल वाजली. मी यतीनच्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही.

"आधी हात धू, तूप लाव आणि बस इथे. गूळ थंड होतोय."

त्याने बॅग ठेवली, हात धुतले, तूप लावलं आणि बसला. दीड तास आम्ही गरम मिश्रण तळहातावर घेऊन वळत होतो. त्याचे लाडू माझ्यापेक्षा गोल झाले. मी चिडवलंही, की तुझ्यात कंट्रोलर बसवलाय का म्हणून. तो हसला.

"हात दाखव" मी म्हटलंच नाही. हे मला आत्ता लिहितानाही गिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी काला अंबला धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. महाराष्ट्रातून आलेल्या लोकांचे भगवे झेंडे दहा पावलांवरूनच दिसत होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव माइकवर बोलत होते. आर. के. पुरममधल्या सरकारी ऑफिसातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, वय शहात्तर, आवाज अजून खणखणीत. मी स्टीलचा डबा घेऊन लाडू वाटत फिरत होते. फिरत फिरत यतीनपाशी आले आणि त्याच्या तळहातावर एक ठेवला.

तो लाडू त्याने तोंडात टाकला नाही. हाताकडे बघत राहिला.

"नीरजा," तो म्हणाला, "काल तू हात बघितलास?"

मी डबा बगलेत धरला. लाडू उचलून खाली बघितलं. तळहात स्वच्छ होता. तुपाने आणि गुळाने अक्षरं पार पुसून टाकली होती.

"किती होती?"

"चार." तो बोटांवर मोजू लागला. "तेल, काढलं. हवा, काढलं. रोल संपल्याचं, तेही काढलं, ते पक्कं आठवतंय. मग लाइट गेली. लाइट आली तेव्हा मालक त्यांच्या फोनवर सॅम्पलचे फोटो काढा म्हणून मागे लागले. मग चार चाळीसची गाडी..." तो थांबला. "चौथं दाराचं होतं."

"लाइट गेली म्हणजे आपोआप पुसलं गेलं असेल ना?"

"हा कंट्रोलर जुना आहे. लाइट गेली तरी हा विसरत नाही."

"मग काढलं असशील. सवयीने काढलं असशील रे."

"असेन," तो म्हणाला. "आठवत नाही."

सव्वा वाजला होता. सुट्टीमुळे सकाळची पाळी बंद होती, पण दोन वाजता दुसरी पाळी लागणार होती आणि नव्या मोटरींवर मशीन पहिल्यांदाच पूर्ण वेगाने धावणार होतं. यतीनने सुपरवायझरला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. आत जाताना त्यांचेही फोन लॉकरमध्ये जातात. मालक हरिद्वारला स्नानाला गेले होते, त्यांचा फोन बंद. गेटचा नंबर व्हिजिटर कार्डावर होता, आणि ते कार्ड काल निघताना परत दिलं होतं.

"तिथे कोण असतं मशीनवर?" मी विचारलं.

"ओमवीर. पन्नाशीचा आहे. काल त्याने मला त्याच्या डब्यातलं सरसों का साग दिलं." यतीनचा आवाज अगदी साधा होता. कान मात्र पांढरे पडले होते. "दार उघडलं की मशीन थांबतं, हे त्याला इतकं माहीत आहे की तो बघतसुद्धा नाही."

मंडळाच्या बसचा ड्रायव्हर कुठेतरी जेवायला गेला होता. चारचाकी होती ती एकट्या गुलाबरावांची. जुनी वॅगन आर, तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत, स्वतःच्या जावयालाही नाही. मी सरळ माइकपाशी गेले. ते सदाशिवरावभाऊंबद्दल बोलत होते.

"काका, गाडीची किल्ली हवी. आत्ता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, वाक्य अर्धं सोडलं आणि कोटाच्या खिशातून किल्ली काढली. काय, कशाला, काही विचारलं नाही. "हँडब्रेक कच्चा आहे," एवढंच म्हणाले. ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. अनुष्काला त्यांच्याजवळ सोडून आम्ही निघालो.

कारखाना शहराच्या पलीकडे, सतरा किलोमीटर. गाडी मी चालवली, कारण यतीन एकामागून एक नंबर लावत होता. धुक्यात पुढचा ट्रक फक्त त्याच्या मागच्या दिव्यांवरून कळत होता. ओव्हरटेक करायची हिंमत होत नव्हती आणि न करता राहवतही नव्हतं. मी दोन ट्रक मागे टाकले, तिसऱ्याच्या वेळी समोरून बस आली आणि मी पुन्हा मागे घुसले. यतीन नंबरच लावत राहिला. एरवी मी साठच्या वर गेले तरी तो घसा खाकरतो.

संक्रांतीला हरियाणात लोक रस्त्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालतात. शहराच्या तोंडाशी मोठं पातेलं मांडून दहाबारा जण उभे होते आणि त्यांनी रस्त्यावर आडवा बांबू धरला होता. एक तरुण हसत हसत खिडकीशी आला.

"प्रसाद लेके जाओ जी, बिना खाए नहीं जाने देंगे."

"भैया, इमर्जेंसी है, हटाओ."

"दो मिनट लगेंगे मैडम, हलवा गरम है."

मी ओरडले. संक्रांतीच्या दिवशी, जेवू घालणाऱ्या माणसावर, मला ऐकवतही नाही अशा हिंदीत ओरडले. त्याचं हसू मावळलं आणि बांबू वर गेला. निघता निघता त्याने दोन द्रोण खिडकीतून यतीनच्या मांडीवर ठेवलेच. दोनला एकोणीस मिनिटं कमी होती आणि अजून निम्मं शहर पार करायचं होतं.

"यतीन, मी हात बघितला नाही," मी म्हटलं.

"हात माझा होता," तो म्हणाला.

पुढे एका फाटकात अडकलो. मालगाडी संपतच नव्हती. मी डबे मोजले, बावन्न. यतीन दार उघडून खाली उतरला, पुन्हा आत बसला. त्याच्या मांडीवरचा हलवा थंड झाला होता. मला रडू येत होतं आणि रडायला हात मोकळे नव्हते.

गेटवर पोहोचलो तेव्हा दोन वाजून आठ मिनिटं झाली होती. लोखंडी दांडा आडवा होता आणि त्याच्यामागे मफलर गुंडाळलेला गार्ड.

"पास दिखाइए."

"पास कल जमा कर दिया. भैया, मैं कल यहीं था, आपने ही एंट्री की थी," यतीन म्हणाला. "अंदर फोन लगाइए, कटिंग मशीन बंद करवाइए. किसी का हाथ चला जाएगा."

गार्डने आतला फोन उचलून कानाला लावला. आम्ही तिघं त्याची रिंग ऐकत उभे राहिलो. "शोर में सुनता नहीं कोई," तो म्हणाला. "आप बैठिए, लड़का भेजता हूं. बिना पास के तो नहीं होगा."

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझा नवरा, जो रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबतो, तो वाकून दांड्याखालून आत गेला आणि पळायला लागला. गार्ड त्याच्यामागे, मी गार्डच्या मागे. साडीचा काठ चिखलात लोळत होता. शेडच्या दाराशी गार्डने यतीनचा स्वेटर पकडला. तो सुटायची धडपड करेना. तो थबकून ऐकत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मशीन बंद आहे."

मला क्षणभर बरं वाटलं. मग त्याचं तोंड बघितलं. दोन वाजता चालू झालेलं मशीन दहा मिनिटांत उगाच बंद होत नाही.

आत, ब्लँकेटच्या रोलच्या पलीकडे, माणसांचं कोंडाळं होतं. कुणीतरी मोठ्या आवाजात बोलत होतं. यतीन लोकांना बाजूला सारत पुढे गेला, गार्ड अजूनही त्याच्या स्वेटरला धरून. मध्ये एक उंच, वाळका माणूस उभा होता. अंगावर शाल घट्ट लपेटलेली, दोन्ही हात शालीच्या आत. चेहरा राखेसारखा. फरशीवर काय सांडलंय ते बघायचं धाडस मला होईना. मी त्या माणसाच्या शालीकडेच बघत राहिले, कुठे लाल होतेय का म्हणून.

"ओमवीर जी," यतीन म्हणाला, "हाथ दिखाइए."

त्या माणसाने ऐकल्यासारखं दिसेना.

"हाथ दिखाइए, ओमवीर जी."

शाल हलली. एक हात बाहेर आला, मग दुसरा. यतीनने ते आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट धरून बघितलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, दोन्ही हातांची. दहा होती. मग तो तिथेच, फरशीवर बसला.

मग मी खाली बघितलं. हातभर लांबीची लाकडी पट्टी दोन तुकडे होऊन पडली होती. कापलेली बाजू गुळगुळीत होती.

मोठ्या आवाजात बोलणारा माणूस सुपरवायझर होता. त्याचं म्हणणं, ओमवीरने नव्या मशीनमध्ये लाकूड घातलं, पातं खराब केलं, आता मालक आले की याला घरी बसावं लागेल. ओमवीर हळू आवाजात तेच तेच सांगत होता. दहा साल मी हातानेच पुंजका काढत होतो. पण नई मोटर आहे, माझी ओळख नाही. म्हणून पहिल्या दिवशी आधी लकडी घालून बघितलं. दार उघडलं, मशीन नहीं रुकी. त्याचं कुणाला खरं वाटत नव्हतं, कारण दार उघडल्यावर मशीन थांबतं हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

यतीन उठला. "ये सच बोल रहे हैं," तो म्हणाला. "दरवाजा मैंने कल बंद दिखा रखा था, और हटाना भूल गया. गलती मेरी है. मालिक को भी मैं ही बताऊंगा." त्याचे कान लाल झाले नव्हते. गार्डने स्वेटर सोडला.

म्हणजे आम्ही उशिरा पोहोचलो होतो. मी ट्रक मागे टाकले, हलवा देणाऱ्यावर ओरडले, पण ओमवीरचा हात त्याआधीच वाचला होता, आणि तो आमच्यामुळे नव्हे. त्याने माझ्या नवऱ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून वाचला. ही गोष्ट मी कितीदा मनात घोळवली आहे, आणि दर वेळी मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटतं.

यतीनचा लॅपटॉप दिल्लीत होता, पण कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याने तेच सॉफ्टवेअर घालून ठेवलं होतं. तासाभराने त्याने मशीन चालू केलं, पण त्याआधी सुपरवायझरकडून बॉलपेन मागून घेतलं आणि डाव्या तळहातावर लिहिलं, दार. मग खोटं मागे घेतलं. नेहमी तो इथेच रेघ मारतो. त्या दिवशी मारली नाही.

"आप खोलिए," तो ओमवीरला म्हणाला.

ओमवीरने लांब उभं राहून, तुटक्या पट्टीने जाळीचं दार ढकललं. मशीन थांबलं. त्याने दार लावलं, मशीन पुन्हा चालू झालं, त्याने पुन्हा उघडलं. असं सात वेळा केलं. कुणी घाई केली नाही, सुपरवायझरनेही नाही. सातव्या वेळी तो पट्टी खाली ठेवून जवळ गेला.

यतीनने पेन त्याच्यापुढे धरलं आणि तळहात पसरला. "आप काटिए."

ओमवीरला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने यतीनचं मनगट एका हाताने धरलं आणि रेघ मारली.

लाडवाचा डबा गाडीतच राहिला होता. निघताना मी तो आणला आणि पहिला लाडू ओमवीरच्या हातावर ठेवला. तिळगूळ घ्या म्हणायचं असतं, ते राहूनच गेलं. त्याने तो उलटसुलट करून बघितला. "रेवड़ी है?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा शालीच्या टोकात बांधून घेतला, घरी न्यायला.

मालकांनी पुढचं काम यतीनला दिलं नाही. पण त्याच आठवड्यात, फेब्रुवारीची वाट न बघता, दाराची तार थेट मोटरच्या सप्लायला जोडून घेतली, आणि ती यतीननेच जाऊन जोडली. आता तो कुठल्याही कारखान्यातून निघतो तेव्हा शेवटची रेघ मशीनवर काम करणारा माणूस मारतो. काही हसतात, काही कंटाळतात, एका मॅनेजरने त्याला वेड्यात काढलं. तो हात पसरून उभा राहतो.

त्या संध्याकाळी काला अंबहून अनुष्काला घेऊन घरी पोहोचलो तेव्हा मी दारातच त्याला अडवलं. "हात दाखव." त्याने दाखवला. एकच शब्द होता आणि त्याच्यावर एक रेघ. ओमवीरने ती इतकी दाबून मारली होती की शाई गेल्यावरही कातडीवर लाल ओरखडा दोन दिवस राहिला.